वरच्या पंचवीसांत

यज्ञेश्वर घैसास यांनी उभ्या आयुष्यात कोणाला तोंडभरून चांगलं म्हटल्याचा पुरावा नाही. त्यांच्या वडिलांनीही म्हटलं नव्हतं. मॅट्रिकच्या निकालात यज्ञेश्वरचं नाव बोर्डाच्या यादीत झळकलं, तेव्हा वडिलांनी मार्कांचा कागद उलटसुलट करून एवढंच विचारलं, "संस्कृतातले चार कुठे सांडलेस?" दुसरा एखादा मुलगा रडला असता. यज्ञेश्वरला उलट बरं वाटलं. बापाने आपला निकाल ओळीओळीने वाचला, याहून मोठी शाबासकी त्या घरात नव्हती. शनिवार पेठेतल्या त्या आळीत बहुतेक घरांची हीच तऱ्हा. चूक काढणं म्हणजे मनावर घेणं. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही, त्याला "वा, छान" म्हणायचं आणि वाटेला लावायचं.

पुढे घैसास कॉलेजात संख्याशास्त्र शिकवू लागले आणि घरातली शिस्त त्यांनी वर्गात नेली. त्यांच्या पेपरात साठच्या वर जाणारा विद्यार्थी म्हणजे नवलच. वहीवर मारायचे शेरे तीनच. "पुन्हा करा" हा रोजचा. "ठीक" मिळालं की पोरं कँटीनमध्ये एकमेकांना चहा पाजत. आणि "चूक सापडली नाही" हा शेरा इतका दुर्मीळ, की तो मिळालेली मुलं पुढे नोकरीधंद्याला लागून पोराबाळांची झाली तरी त्याची आठवण काढत. सर गाण्याच्या बैठकीला जात तेव्हा आजूबाजूचे माना डोलावत असताना हे ताठ बसलेले. घरी येताना सुहासिनीबाईंनी फारच खोदून विचारलं तर म्हणत, "मध्यंतरानंतरचं ऐकवत होतं."

सुहासिनीबाई म्हणजे त्यांच्या पत्नी. मुलींच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, आणि जिभेला त्याही काही कमी नव्हत्या. "ह्यांनी मला बघितलं आणि नापास केलं नाही, त्यालाच आमच्याकडे पसंती म्हणतात," असं त्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगत. बायका हसत. सुहासिनीबाई दर वेळी हसत असतच असं नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. हा माणूस खोटं कधी बोलला नाही. सख्ख्या भाच्याला चांगल्या वर्तणुकीचा दाखला हवा होता, तर म्हणाले, "मी तुझी वर्तणूक वर्षातून दोनदा बघतो, दिवाळीला आणि गणपतीत. तेवढ्यावरून मी काही लिहून देणार नाही." बहिणीने त्यानंतर बरेच दिवस अबोला धरला. सरांनी तोही धरू दिला. आपण खरं तेच बोलतो, मग लोकांना काय वाटतं याची काळजी आपण का करावी, अशी त्यांची पक्की समजूत होती, आणि शहरातल्या मुलांचं या समजुतीमुळे काही अडत नव्हतं. ती मुलं याच पेठांतून वाढलेली. सरांच्या "ठीक"चा भाव त्यांना बाजारभावासारखा पाठ होता. घरी जाऊन ती बापाला सांगत, घैसासांनी ठीक म्हटलं, आणि बाप पेढे आणी.

शालू सातवचं तसं नव्हतं. ती वाघोलीची. तिच्या गावात चांगलं असलं तर लोक चांगलं म्हणत, वाईट असलं तर शिवी घालत, आणि दोन्ही मोठ्याने. मधलं काही नव्हतं. वडील जयसिंग सातव यांची नगर रस्त्याच्या कडेला थोडी शेती, थोडी प्लॉटिंगला गेलेली. मुलगी एम. एस्सी.ला पुण्यात जाते, याचं त्यांना इतकं कौतुक, की एसटीची वाट बघणाऱ्या अनोळखी माणसालाही ते सांगत. ही शालू पहिल्या बाकावर बसे, सर जे बोलतील ते जसंच्या तसं घेई. सरांनी "पुन्हा करा" लिहिलं की पुन्हा करी. "ठीक" लिहिलं की तिला वाटे, आपण ठीक आहोत, त्याहून जास्त काही नाही. तिला कोणी समजावून सांगितलं नाही, आणि तिनेही विचारलं नाही.

तिच्या प्रबंधाचे मार्गदर्शक घैसास सर, पण विषय तिचा तिनेच निवडला. वाघोलीच्या दगडखाणींवर राबणाऱ्या कुटुंबांची पोरं. माणसं मराठवाड्यातून, कर्नाटकातून आलेली. काम संपलं की दुसऱ्या खाणीवर जाणारी. पोरं इथे जन्मत, तिथे मरत, आणि दोन्हीकडच्या सरकारी दप्तरांत त्यांचा पत्ता नसे. शालू फांदीला अडकवायचा काटा खांद्यावर टाकून खाणीवर जाई आणि एकेका पोराचं वजन करी. पण तिचं खरं काम वजनाचं नव्हतं. पोरं किती, असं विचारलं की बायका जिवंत पोरं सांगत. गेलेल्यांबद्दल विचारलं की गप्प होत, नाहीतर उठून कामाला लागत. सर्वेक्षणं करणारे लोक तिथेच थांबत आणि मृत्यू नाही असं लिहून मोकळे होत. शालूने वेगळंच विचारलं. "मावशी, झोळी किती वेळा बांधलीत?" तान्ह्या बाळासाठी जुन्या लुगड्याची झोळी, खाणीच्या कडेला झाडाला बांधलेली. बायकांना ते बरोबर आठवे. सहा वेळा, सात वेळा. मग समोर खेळणारी पोरं मोजायची आणि उरलेला आकडा आपोआप कळायचा. तो आकडा निघाला तेव्हा शालूने तो पुन्हा पुन्हा मोजून बघितला, कारण तोपर्यंत कोणाच्याही कागदावर तो नव्हता.

घैसास सरांनी तो प्रबंध पंधरवडाभर घरी ठेवून घेतला. त्यांची झोप उडाली. आपल्या सगळ्या नोकरीत इतका साधा आणि इतका अचूक प्रश्न आपल्याला कधी सुचला नाही, हे त्यांना स्वच्छ कळलं. त्यांनी समासात लाल शाईने लिहिलं, "नमुना लहान आहे," आणि शेवटच्या पानावर, "चूक सापडली नाही." त्यानंतर निवृत्त होईपर्यंत दर वर्षी ते वर्गात झोळीचा प्रश्न उदाहरण म्हणून शिकवत राहिले. कोणाचा, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. नाव घेतलं असतं तर ती स्तुती झाली असती.

पुढची काही वर्षं शालूने अशीतशीच काढली. आज या संस्थेचं सर्वेक्षण, उद्या त्या खात्याचं. सर्वेक्षण संपलं की नोकरी संपली. लग्नाचं विचारणारे येत आणि जयसिंग त्यांना चहा पाजून परत पाठवत. मग एक दिवस दिगंबरने तिला कळवलं. दिगंबर घैसास सरांचाच जुना विद्यार्थी, प्रभात रोडचा, आता जिनिव्हाला. जगभरच्या मुलांच्या उपासमारीचा आणि मृत्यूंचा हिशेब ठेवणाऱ्या एका आंतरराष्ट्रीय संघटनेत तो मोठ्या हुद्द्यावर होता. संघटना तरुण माणसं घेत होती. दोन वर्षं वेगवेगळ्या देशांत काम, आणि पुढे तिथेच कायम. वयाची अट होती. शालूला ती अजून दोनदाच अर्ज करू देणार होती.

लेखी परीक्षा झाली. संगणकावरून मुलाखत झाली; वाघोलीची वीज ऐनवेळी जाईल म्हणून शालू पुण्यात एका मैत्रिणीकडे जाऊन बसली होती. तिथेही झोळीच्या प्रश्नावर मुलाखत घेणारे थबकले, असं दिगंबरने नंतर कळवलं. शेवटचा टप्पा राहिला. ज्यांनी तुम्हाला शिकवलं किंवा ज्यांच्या हाताखाली काम केलं, अशा माणसांची नावं द्या, आम्ही त्यांच्याशी बोलू. शालूने पहिलं नाव घैसास सरांचं दिलं. पण विचारल्याशिवाय कसं द्यायचं म्हणून ती आधी त्यांच्या घरी गेली.

"दे," सर म्हणाले. "पण मी जे आहे तेच सांगेन. हे तुला माहीत आहे ना?"

"म्हणून तर तुमचं नाव, सर."

ती गेल्यावर सुहासिनीबाई पोह्यांच्या बशा उचलता उचलता म्हणाल्या, "जरा बरं बोला हो तिच्याबद्दल. पोरगी जीव टाकतेय त्या नोकरीवर."

"बरं असेल ते बरंच सांगणार," सर म्हणाले.

फोन आला तो दुपारी. सर बनियनवर होते. परदेशातून फोन आहे म्हटल्यावर त्यांनी आधी खुंटीवरचा सदरा चढवला, बटणं लावली आणि मग रिसीव्हर हातात घेतला. पलीकडून बोलणारी बाई गोड बोलणारी होती. आपण तिला किती वर्षं ओळखता, कोणत्या नात्याने ओळखता, असं विचारून झालं. सर सावकाश, छापील इंग्रजीत उत्तरं देत होते. सुहासिनीबाई दाराशी बसून मेथी निवडत होत्या.

मग बाईंनी विचारलं, "आपण आजवर शिकवलेल्या विद्यार्थ्यांत आपण हिला कुठे ठेवाल? वरच्या एक टक्क्यात, पाचांत, दहांत, की पंचवीसांत?"

सर थांबले. शालू पहिली आहे, हे त्यांच्या मनात कधीचं पक्कं होतं. पण मनात असणं वेगळं आणि आकडा म्हणून तोंडाने सांगणं वेगळं. आधाराशिवाय आकडा सांगू नये, हे त्यांनी आयुष्यभर शिकवलं. एक टक्का म्हणायचं तर सगळ्या वर्षांची सगळी मुलं एका मापाने मोजायला हवीत. जुन्या मुलांच्या उत्तरपत्रिका आता कुठे आठवतात? अभ्यासक्रमही मध्ये दोनदा बदललेला. सरांनी हे सगळं त्या बाईंना नीट समजावून सांगितलं आणि म्हणाले, "वरच्या पंचवीसांत ती नक्की आहे. त्याच्या आत नेमकी कुठे, हे सांगायला माझ्याकडे आधार नाही."

"तिच्यातल्या उणिवा?"

हा प्रश्न सरांना आवडला. प्रश्न विचारणारा माणूस गंभीर आहे, असं त्यांना वाटलं. म्हणाले, "इंग्रजी बोलताना अडखळते. एखादी गोष्ट पटली नाही तर हट्टाला पेटते, माझ्याशीही वाद घातलेत. प्रबंधाचा नमुना लहान होता."

"तिच्यात असामान्य असं काही?"

"असामान्य हा शब्द मी वापरत नाही," सर म्हणाले. "तिच्या कामात मला चूक सापडली नाही. ती भरवशाची आहे."

एवढं बोलून त्यांनी रिसीव्हर ठेवला आणि सदरा काढून पुन्हा खुंटीला लावला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. भरवशाची हा शब्द त्यांनी आजवर कोणाहीबद्दल वापरला नव्हता. आपण आज जरा जास्तच बोललो की काय, असंही त्यांना वाटून गेलं.

सुहासिनीबाईंनी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "पंचवीसांत?"

"नक्की, असं म्हटलं मी. ऐकलंस ना, नक्की म्हटलं."

"ऐकलं," त्या म्हणाल्या आणि पुन्हा मेथी निवडायला लागल्या. आता बोलून तरी काय होणार होतं.

काही आठवड्यांनी शालूचा फोन आला. "नाही झालं, सर." आवाज सरळ होता, रडका नव्हता. सरांना मनापासून वाईट वाटलं. "पुढच्या वेळी पुन्हा कर," ते म्हणाले. आणि फोन ठेवल्यावर सुहासिनीबाईंना म्हणाले, "वशिला लागत असणार. तिकडेही तेच." दोन दिवस त्यांनी हे भेटेल त्याला ऐकवलं. बागेत सकाळी फिरायला येणाऱ्या निवृत्तांच्या घोळक्यात त्यावर एक चर्चासत्रही झालं आणि जगातल्या एकूण एक संघटना त्यात नापास झाल्या.

दिवाळीत दिगंबर पुण्यात आला. दर दिवाळीला येई तेव्हा तो सरांना भेटून जाई. चॉकलेटचा डबा टेबलावर ठेवला, चिवडा खाल्ला, जिनिव्हाच्या थंडीचं बोलून झालं. मग सरांनी विषय काढला.

"काय रे, त्या शालूचं तुम्ही काय केलंत? चांगली मुलगी होती."

दिगंबरने हातातली बशी खाली ठेवली. "सर, चांगली होती हे तुम्ही आत्ता म्हणताय?"

"म्हणजे?"

"निवड मी करत नाही, ते खातं वेगळं. पण मी विचारलं. ती सगळ्यांत वर होती, सर. लेखीत, मुलाखतीत. तिने नावं दिलेल्या बाकी दोघांनी तिच्याबद्दल भरभरून सांगितलं. तुमचंच तेवढं..." तो अडखळला. "तिकडे असं आहे, सर. सगळे जण आपल्या माणसाला एक टक्क्यातच बसवतात. पाच म्हटलं तर समोरचा विचारात पडतो. पंचवीस कोणी म्हणतच नाही. पंचवीस म्हणजे, 'हिला घेऊ नका, पण तसं उघड सांगायला मला संकोच वाटतोय', असा अर्थ घेतात. त्यात तुम्ही तिचे मार्गदर्शक. त्यांना वाटलं, जो तिला सगळ्यांत जवळून ओळखतो तोच असं म्हणतोय, म्हणजे काहीतरी आहे."

"पण मी खोटं काय बोललो?" सरांचा आवाज चढला. "एक टक्का म्हणायला आधार काय? सगळेच एक टक्क्यात कसे असतील? हे गणित तरी बसतं का?"

"नाही बसत, सर."

"मग?"

दिगंबर खाली बघत होता. तो वाईट मुलगा नव्हता, आणि पुढचं वाक्य त्याला बोलायचंही नव्हतं, पण सरांनी "मग?" विचारलं की उत्तर द्यायचं, ही त्याची कॉलेजातली सवय अजून गेली नव्हती. "सर, मी अर्ज केला तेव्हा तुमचं नाव दिलं नव्हतं. आमच्या बॅचमधल्या कोणीच कुठे दिलं नाही. आम्हाला माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. मला वाटलं, तिलाही माहीत असेल, म्हणून मी बोललो नाही. ते माझं चुकलं."

बाहेर पोरांनी फटाक्यांची माळ लावली, ती वाजून संपली. सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. त्यांना आता एकेक आठवत होतं. दर वर्षी गुरुपौर्णिमेला येऊन पाया पडणारी ही हुशार मुलं, मोठमोठ्या जागांवर बसलेली. आणि यातल्या एकानेही आपलं नाव कुठे पुढे केलं नाही. आपल्यावर विश्वास टाकला तो एका पोरीने, आणि तिचाच गळा आपल्या हातून कापला गेला. हे कळायला पुऱ्या आयुष्याची नोकरी संपावी लागली, याची त्यांना इतकी लाज वाटली की दिगंबर निघाला तेव्हा त्याच्याकडे वळून बघणंही त्यांना जमलं नाही. सुहासिनीबाईंनीच त्याला जिन्यापर्यंत पोचवलं.

जिन्यात दिगंबरने त्यांना आणखी एक गोष्ट सांगितली. शालूला त्याने हे सगळं कळवलं होतं. पुढच्या निवडीचे अर्ज उघडले आहेत, महिनाअखेर मुदत आहे, आणि वयाच्या अटीत ही तिची शेवटची संधी. सरांचं नाव सोडून दुसरं कोणतंही दे, तुझं काम नक्की होईल, असं त्याने तिला बजावलं होतं. तिने अजून अर्ज भरला नव्हता.

सरांनी शालूला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिने नीट बोलून, सुहासिनीबाईंची चौकशी करून, अर्जाचा विषय टाळला. तेव्हा सर उठले. कोणाच्या दारी स्वतःहून जायची त्यांना सवय नव्हती. पायांत जुनं दुखणं होतं. तरी छत्री घेऊन ते महापालिकेसमोरून वाघोलीच्या बसमध्ये बसले. नगर रस्त्यावर दोन्ही बाजूंनी इमारती उठत होत्या, पाट्यांवर हसरी कुटुंबं रंगवलेली, आणि खिडकीतून खडीची पांढरी धूळ आत येत होती. काय बोलायचं ते सर मनात जुळवत होते. असं वाक्य त्यांनी आयुष्यात जुळवलं नव्हतं, त्यामुळे ते सारखं मोडत होतं.

शालू घरी नव्हती. तिच्या चुलत्याचा रस्त्यालगत वजनकाटा होता, तिथे ती बसायला लागली होती. खडीने भरलेले डंपर काट्यावर चढत. शालू काचेच्या आडून आकडा बघे, पावती फाडे आणि ड्रायव्हरने हुज्जत घातली तर त्याला त्याच्याच भाषेत गप्प करी. सरांना धुळीत उभं बघून ती धावत बाहेर आली आणि रस्त्यावरच वाकली. जयसिंगही आले. डोक्याची टोपी काढून त्यांनी खुर्ची पुसली.

"या सर, या. आमच्या टपरीत तुमी! शालू, च्या सांग. नाय, म्या सांगतो. तुमी बोला."

जयसिंग चहाला म्हणून बाहेर गेले. सर खुर्चीत बसले. छत्री कुठे ठेवावी ते त्यांना कळेना.

"दिगंबरने सगळं सांगितलं मला," सर म्हणाले. "मुदत अजून आहे. तू अर्ज भर."

"त्यांनी मलाही सांगितलं, सर. माझा तुमच्यावर राग नाही. खरंच नाही."

"तू भरत का नाहीस?"

शालूने टेबलावरचं पावतीपुस्तक सरळ केलं. "सर, इथे सगळे म्हणायचे, शालू म्हणजे शालू. मी म्हणायचे, ह्यांना काय कळतं. ज्याला कळतं तो एकच माणूस मला माहीत होता. तो कधी काही बोलला नाही, म्हणून मी मनाशी काहीबाही धरून बसले होते. आता समजलं. पंचवीसांत. वाईट नाही, सर. वाघोलीच्या मानाने तर वाईट नाहीच. पण त्या लोकांना एका टक्क्यातला माणूस पाहिजे. दुसऱ्या कोणाकडून मोठंमोठं वदवून घेऊन मी तिथे गेले, तर ते बरोबर नाही. तिथे पोरांच्या जिवाचे आकडे असतात."

सरांनी छत्री टेबलाला टेकवली. "मी चुकलो," ते म्हणाले. हे दोन शब्दही त्यांच्या तोंडाला नवे होते. "शालू, ऐक. मी शिकवलेल्या सगळ्या मुलांत तू पहिली आहेस. पंचवीसांत नाही, पाचांतही नाही. पहिली. तो झोळीचा प्रश्न मला जन्मात सुचला नसता. तो मी दर वर्षी वर्गात शिकवला. तुझ्यासारखा विद्यार्थी मला दुसरा मिळाला नाही."

त्यांना वाटलं होतं, तिचा चेहरा उजळेल. तसं काही झालं नाही. ती त्यांच्याकडे बघत राहिली, परीक्षेत शेजारच्या हुशार मुलाला कॉपी करताना बघावं तशी. मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नका ना, सर."

"काय नको?"

"हे. तुम्ही कधी कोणाला असं म्हणत नाही. आता मला बरं वाटावं म्हणून म्हणताय."

"मी खोटं बोलतोय असं वाटतं तुला?"

"तुम्हीच शिकवलंत, सर. ज्याच्याबद्दल विचारायचं तो माणूस समोर बसला असेल तर उत्तर खरं धरायचं नाही. त्या बाईंनी तुम्हाला विचारलं तेव्हा मी समोर नव्हते. तेव्हा तुम्ही बोललात ते खरं. आता मी समोर आहे."

तिच्या बोलण्यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. आपण खरं सांगतोय हे पटवून द्यायला त्यांच्याकडे पुन्हा तेच सांगण्यावाचून दुसरं काही नव्हतं, आणि ते जितक्यांदा सांगतील तितकं ते हलकं होत जाईल, हेही त्यांना कळत होतं. त्यांनी तरी एकदा सांगून पाहिलं. शालूने मान हलवली, एखाद्या म्हाताऱ्याची समजूत घालावी तशी. बाहेर डंपरवाला हॉर्न वाजवत होता. ती उठून आकडा बघायला गेली, आणि परत आली तेव्हा चहा आला होता. मग तिने सुहासिनीबाईंच्या गुडघ्याबद्दल विचारलं.

जयसिंग सरांना बस थांब्यापर्यंत सोडायला आले. बस लांबून दिसायला लागली, तेव्हा त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"सर, म्या दाराभाईर व्हतो. ऐकलं समदं. लई उपकार झाले."

"उपकार कसले?"

"पोरीचं मन राखाया तुमी एवढ्या लांब आला. आन् तुमच्यासारका मानूस, कवा खोटं बोलत न्हाई असं शालू सांगती, त्यो माझ्या पोरीसाटी खोटं बोलला. येवढं कोन करतं, सर?"

सरांनी तोंड उघडलं. जयसिंगांचा चेहरा कृतज्ञतेने भरून आला होता. बस येऊन उभी राहिली, कंडक्टरने घाई केली. जयसिंगांनी हात जोडले. सरांनीही जोडले, आणि दांडीला धरून ते बसमध्ये चढले.